आघाडीपटूचे मोल: ऐन भरातली तीन वर्षे मोठी की पंधरा वर्षांची कारकीर्द?

कोपरीवासी (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०.१५

गेला आठवडाभर आमच्या घरी एकच वाद चालू आहे. तो घरात मिटण्याची चिन्हे दिसत नाहीत, म्हणून तो येथील जाणकारांसमोर मांडतो आहे. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. डिसेंबर १९८१ च्या अखेरीस मुंबईत हॉकीचा विश्वचषक सुरू झाला आणि १२ जानेवारी १९८२ ला संपला. त्या काळात ते कामावरून सुटले की ठाण्याहून लोकल पकडून व्ही. टी.ला उतरत आणि तेथून चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमपर्यंत चालत जात. त्या दिवसांतल्या एका तिकिटाचा अर्धा तुकडा त्यांनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात अजून जपून ठेवला आहे. कागद पार पिवळा पडला आहे, छापील अक्षरे जवळजवळ उडाली आहेत, पण फाडलेल्या कडेवरची टोचलेली भोके बोटाला स्पष्ट लागतात.

वडिलांचे म्हणणे असे की, पाकिस्तानच्या हसन सरदारसारखा सेंटर फॉरवर्ड त्यांनी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. त्या विश्वचषकात त्याने ११ गोल केले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामन्यात आपल्याला ७-१ असे हरवले, त्यातही त्याची हॅटट्रिक होती. पुढे १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. म्हणजे अडीच-तीन वर्षांत जिंकण्यासारखे जे जे होते, ते जवळजवळ सर्व त्याने जिंकले.

माझे मत धनराज पिल्ले यांच्या बाजूने आहे, आणि ते केवळ आपल्या पुण्याच्या खडकीचा मुलगा म्हणून नाही. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा. इतकी वर्षे संघाच्या आक्रमणाचा भार वाहणारा दुसरा भारतीय आघाडीपटू मला दिसत नाही. त्यावर वडील एकाच वाक्यात उत्तर देतात: "अरे, तो पंधरा वर्षं खेळला खरा, पण त्या चार ऑलिंपिकमध्ये आपण सातवे, आठवे, सातवे आणि सातवे आलो, त्याचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. तेव्हा एखाद्या आघाडीपटूचे मोल ठरवताना त्याच्या ऐन भरातील वर्षांना किती वजन द्यावे आणि टिकून राहण्याला किती, याबद्दल आपली मते सविस्तर लिहावीत, ही विनंती.


नेरुळ_सेक्टर_दहा, शनिवार, रात्री ११.५०

कोपरीवासी, विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून झोप बाजूला ठेवून लिहितो. मी गेली अनेक वर्षे शाळकरी मुलांना हॉकी शिकवतो आणि माझा पहिला आक्षेप असा आहे की, गोलांची संख्या किंवा पदकांची संख्या यांवरून आघाडीपटूचे माप काढायला निघालात, तर आपण अर्ध्या रस्त्यातच चुकलेले असता.

हसन सरदार थोर होता याबद्दल वाद नाही. परंतु त्या पाकिस्तानी संघाची आघाडीची फळी डोळ्यांसमोर आणा. एका कडेला कलीमुल्ला, दुसऱ्या कडेला समीउल्ला, आत हनीफ खान आणि मंझूर ज्युनिअर, मागून चेंडू देणारा अख्तर रसूल. इतक्या वेगवान विंगर्सना अडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी दोन्ही बाजूंना ताणली जात असे आणि मधल्या मोकळ्या जागेत सरदारला चेंडू मिळत असे. त्या जागेत त्याने जे केले ते दुसऱ्या कोणाला साधले नसते, हे मी मान्य करतो. पण ती जागा त्याला करून दिली जात होती, हेही विसरता येत नाही. धनराजची गोष्ट उलट आहे. नव्वदच्या दशकातील बराच काळ त्याला चेंडू मिळवण्यासाठी मध्यरेषेच्याही मागे यावे लागे. तेथून तो तीन-चार जणांना चकवत पंचवीस यार्डांच्या रेषेपर्यंत चेंडू नेई आणि तेथे पोहोचल्यावर पास द्यायला आपल्या रंगाचा शर्ट दिसत नसे. मुकेश कुमार किंवा बलजितसिंग धिल्लन यांच्यासारखे साथीदार असत तेव्हा त्याचा खेळ किती वेगळा दिसे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट मैदानाची. मुंबईचा १९८२ चा विश्वचषक गवतावर झाला. गवतावर चेंडू थांबवणे हीच मुळात एक कला होती. मी ज्या मैदानावर मुलांना शिकवतो तेथे मुरूम आहे. रोज संध्याकाळी मी स्वतः फक्की टाकून डी, म्हणजे गोलसमोरचे अर्धवर्तुळ, आखतो आणि दहा मिनिटांत धुळीने ती पुसली जाते. त्या मैदानावर लांबून आलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात कोठे उसळेल ते सांगता येत नाही, म्हणून मुले स्टिक आधीच जमिनीला टेकवून, गुडघे वाकवून, नजर चेंडूवर ठेवून थांबतात. जे पोर हा उसळता चेंडू एका स्पर्शात थांबवून दुसऱ्याच स्पर्शात वळते, त्याच्यात आघाडीपटूचे गुण आहेत असे मी समजतो. तेच पोर टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, नेले की पहिल्या दिवशी त्याच्या स्टिकखालून चेंडू निसटतो, कारण तेथे चेंडू सरळ आणि विलक्षण वेगाने येतो. ऑलिंपिकमध्ये १९७६ ला माँट्रियलला कृत्रिम मैदान आले आणि आपल्या उपखंडातल्या हॉकीचे कोष्टकच बदलले. सरदार आणि आपले मोहम्मद शाहिद यांची पिढी दोन्ही मैदानांवर खेळली, धनराजच्या वाट्याला मात्र मोठ्या स्पर्धांत टर्फच आले.

आणि एक मोठा बदल धनराजच्या कारकिर्दीच्या मध्यावर झाला. ऑफसाइडचा नियम, म्हणजे बचावफळीच्या मागे आधीच जाऊन चेंडूची वाट पाहण्यास आघाडीपटूला असलेली मनाई, आधी प्रायोगिक पातळीवर शिथिल झाला आणि १९९८ मध्ये कायमचा गेला. त्यामुळे आघाडीपटूने कोठे उभे राहायचे, बचावपटूने कोणाला सोडायचे, सगळेच बदलले. तिशीत पोहोचलेल्या खेळाडूला आपला खेळ नव्याने घडवावा लागला आणि त्याने तो घडवला. कारकिर्दीची लांबी मोजताना ही गोष्ट मी फार मोलाची मानतो.


ऐरोली_रात्रपाळी, रविवार, पहाटे ५.०५

मी मैदानी हॉकी फारशी खेळलेलो नाही, परंतु हाच प्रश्न बर्फावरच्या हॉकीत पन्नास वर्षे चघळला जातो आहे आणि तेथे प्रत्येक गोलाची व्यवस्थित नोंद असल्यामुळे चर्चेला बळकट आधार मिळतो. माझे काम कॅनडातील ग्राहकांच्या वेळेनुसार चालते. तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो, त्यामुळे पाळी संपवून ऐरोलीच्या स्थानकावर पोहोचेपर्यंत पहिला भाग मोबाइलवर पाहून होतो. या सवयीतून जमलेली माहिती येथे उपयोगी पडेल असे वाटते.

कोपरीवासींच्या घरातील वादाची हुबेहूब जोडी तेथे आहे: माइक बॉसी आणि माइक गार्टनर. बॉसी न्यू यॉर्क आयलंडर्सकडून फक्त दहा हंगाम खेळला. त्यातील पहिल्या नऊ हंगामांत त्याने दर वेळी ५० किंवा अधिक गोल केले, त्याच्या संघाने १९८० ते १९८३ असे सलग चार वेळा स्टॅन्ली चषक, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे अजिंक्यपद, जिंकला आणि दहाव्या हंगामात पाठीच्या दुखण्याने त्याला कायमचे थांबवले. एकूण ७५२ सामन्यांत ५७३ गोल. गार्टनर १४३२ सामने खेळला, त्याने ७०८ गोल केले, सलग पंधरा हंगाम ३० पेक्षा कमी गोल कधी केले नाहीत; मात्र ५० गोलांचा हंगाम त्याला एकदाच साधला आणि स्टॅन्ली चषक एकदाही हाती आला नाही. आता बेरीज पाहिली तर गार्टनर १३५ गोलांनी पुढे आहे. तरीही दोघांतून एक निवडा म्हटले, तर तिकडचे बहुतेक जाणकार क्षणाचाही विचार न करता बॉसीचे नाव घेतील.

त्यामागचे कारण भावनिक नाही. विचार असा आहे की, संघात जागा रिकामी झाली तर बाहेरून सहज मिळणारा साधारण आघाडीपटूही हंगामात पंधरा-वीस गोल करतोच. तेव्हा खेळाडूचे खरे योगदान त्या पातळीच्या वर त्याने किती केले यावर मोजायचे. बॉसीने नऊ वर्षे त्या पातळीच्या खूप वर गोल केले, गार्टनरने सतरा वर्षे बेताने वर. या हिशेबात गार्टनरची १३५ गोलांची आघाडी उरतच नाही. शिवाय एका हंगामात तुमच्याकडे अत्युच्च पातळीचा एक खेळाडू असणे हे दोन हंगामांत चांगला खेळाडू असण्यापेक्षा अजिंक्यपदाच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडते. अजिंक्यपद एकेका वर्षातच जिंकायचे असते.

दुसरा मुद्दा काळाचा. वेन ग्रेट्झकीने १९८५-८६ च्या हंगामात गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून २१५ गुण मिळवले. त्या काळी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठच्या घरात गोल होत. यारोमीर यागरने १९९८-९९ मध्ये १२७ गुण मिळवले, तेव्हा ही सरासरी सव्वापाचपर्यंत उतरली होती. नुसते आकडे शेजारी ठेवले तर यागर सामान्य वाटतो. म्हणून मी त्या त्या हंगामातील दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूशी तुलना करतो. यागरनंतर टेमू सेलाने १०७ गुणांवर होता, म्हणजे यागर सुमारे एकोणीस टक्क्यांनी पुढे. ग्रेट्झकीनंतर मारियो लेम्यू १४१ गुणांवर होता, म्हणजे ग्रेट्झकी तब्बल दीडपट. काळाची सवलत वजा केल्यावरही ग्रेट्झकीचे शिखर उंचच राहते. बेरजेतही तोच सर्वांत पुढे आहे, त्यामुळे त्याच्याबाबत हा वादच उद्भवत नाही.

वाद उद्भवतो तो लेम्यूबाबत. १९९२-९३ मध्ये त्याला हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मार्च १९९३ मध्ये ज्या दिवशी किरणोपचाराचा शेवटचा डोस घेतला, त्याच संध्याकाळी तो फिलाडेल्फियात सामना खेळला आणि गोलही केला. त्या हंगामात केवळ ६० सामन्यांत १६० गुण मिळवून तो लीगमध्ये पहिला आला. कारकिर्दीत त्याचे सामने ९१५ भरले, ग्रेट्झकीचे १४८७. आजारपण आणि पाठीच्या शस्त्रक्रिया यांनी हिरावलेली वर्षे त्याच्या खात्यात धरायची का? माझे उत्तर नाही असे आहे. न खेळलेल्या सामन्याने संघाला काही मिळत नाही. परंतु खेळलेल्या सामन्यांतील उंची मोजताना ग्रेट्झकीच्या शेजारी बसवावा असा तोच एक आहे, हे मी ठामपणे म्हणेन.


घोडबंदर_रोड, रविवार, सकाळी ९.२०

ऐरोलीकर, माहिती उत्तम आहे, पण ही पद्धत मैदानी हॉकीला लावता येईल असे मला वाटत नाही. तुमच्या लीगमध्ये दर वर्षी ऐंशीच्या वर सामने होतात. आपल्याकडे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत एकूण तीन सामने खेळला. त्या तीन सामन्यांत बलबीरसिंग (ज्येष्ठ) यांनी भारताच्या १३ पैकी ९ गोल केले, अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध ६-१ मधले ५ त्यांचे. याला हंगाम म्हणायचे की आठवडा?

शिवाय धनराज यांचे नेमके गोल किती, हेच अधिकृतपणे सांगता येत नाही. १७० च्या आसपासचा आकडा सर्वत्र छापला जातो, परंतु त्या काळी आपल्याकडे प्रत्येक गोलाची अधिकृत नोंद ठेवली जात नव्हती. ज्या खेळाडूने ३३९ सामने देशासाठी खेळले त्याचे गोल मोजायला कोणी वही ठेवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.


कळवा_यार्ड, रविवार, दुपारी १.४०

चर्चेत मोहम्मद शाहिद यांचे नाव अजून ओझरतेच आले, म्हणून लिहितो. मी रेल्वेत नोकरी केली आणि शाहिदही वाराणसीला रेल्वेच्याच सेवेत होते, त्यामुळे आमच्या पिढीतल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना ते घरचे वाटत.

धनराज आणि सरदार या दोघांशी तुलना करताना शाहिद यांच्या बाबतीत गोलांचा हिशेब अगदीच निरुपयोगी ठरतो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताकडून सर्वाधिक गोल सुरिंदरसिंग सोधी यांनी केले. शाहिद तेव्हा विशीचे होते, आणि त्यांचे काम बचावफळी फोडणे हे होते. स्टिक चेंडूच्या दोन्ही बाजूंनी इतक्या जलद फिरे की समोरचा बचावपटू आपले वजन एका पायावर टाकून बसे, आणि तो पाय उचलेपर्यंत शाहिद पुढे गेलेले असत. निम्मा पुश आणि निम्मा हिट असा त्यांचा एक खास फटका होता. त्यात स्टिक मागे नेण्याचा वेळ वाचत असल्यामुळे गोलरक्षकाला सूचनाच मिळत नसे. स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपण ४-३ असे जिंकलो, त्यातला चौथा गोल शाहिद यांचा होता. त्याच्याशिवाय सुवर्णपदक निसटू शकले असते.

त्या स्पर्धेवर बहिष्कारामुळे पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान यांसारखे संघ आले नव्हते, केवळ सहा संघ होते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. दिल्लीच्या १-७ या पराभवाच्या दिवशीही शाहिद मैदानात होते, हेही खरे. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द दहा वर्षांतच आटोपली. त्यामुळे पदकांच्या यादीत ते सरदारच्या मागे आणि सामन्यांच्या यादीत धनराजच्या मागे राहतात. परंतु चेंडू पायाशी असताना प्रतिस्पर्ध्याच्या मनात जी भीती निर्माण होते, तिलाही मोल असते. दोन बचावपटू शाहिद यांच्यावर लावावे लागत, म्हणजे डावीकडे झफर इक्बाल यांच्यासमोर एकच उरत असे. हे कोणत्या रकान्यात लिहिणार?


कोपरखैरणेकरीण, रविवार, दुपारी ४.३०

माझी मुलगी शाळेच्या संघात राइट इनला, म्हणजे आघाडीच्या फळीत उजवीकडे आतल्या बाजूला, खेळते, म्हणून हा धागा आवडीने वाचला. पण सर्व उदाहरणे पुरुषांचीच आहेत, ती उणीव भरून काढते.

रानी रामपाल २०१० च्या विश्वचषकात खेळली तेव्हा ती १५ वर्षांची होती आणि त्या स्पर्धेत तिने ७ गोल केले. तिच्या कारकिर्दीची उंची मात्र मी एका वेगळ्याच गोलावर मोजते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला ऑलिंपिक पात्रतेचे दोन सामने अमेरिकेविरुद्ध झाले. पहिला आपण ५-१ असा जिंकला होता. दुसऱ्या सामन्यात अमेरिकेने मध्यंतरापर्यंतच चार गोल करून बरोबरी साधली. शेवटच्या सत्रात रानीने गोल केला, एकूण ६-५ अशा फरकाने आपण टोकियोला गेलो आणि तेथे रानीच्याच नेतृत्वाखाली चौथे आलो. तो सामना पाहताना माझी मुलगी गुडघ्यांत डोके घालून बसली होती आणि गोल झाल्यावर तिने मला विचारले, "आई, खरंच झाला?" त्यानंतर आमच्या ओळखीतल्या तीन मुलींनी हॉकीची स्टिक हातात घेतली.

तक्त्यात तो एक गोल आहे. दुबळ्या संघाविरुद्ध १२-० मधला नववा गोलही तक्त्यात एकच असतो. ऐरोलीकर म्हणतात त्या पद्धतीत हा फरक धरला जातो का?


ऐरोली_रात्रपाळी, रविवार, संध्याकाळी ६.१०

कोपरखैरणेकरीण, तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. सामन्याची स्थिती, उरलेला वेळ आणि प्रतिस्पर्धी पाहून प्रत्येक गोलाला वेगळे वजन देण्याचे प्रयत्न तिकडे झाले आहेत, परंतु कारकिर्दीच्या तुलनेत सहसा साधी बेरीजच वापरली जाते. त्यामागचा तर्क असा की, वर्षाला ऐंशी सामने झाले की महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे गोल बहुतेकांच्या वाट्याला सारख्याच प्रमाणात येतात. घोडबंदर_रोड यांचे म्हणणे आता मला पटते. जेथे चार वर्षांतून एकदा सात-आठ सामने खरे निर्णायक असतात, तेथे ही सारखेपणाची कल्पना टिकत नाही.


नेरुळ_सेक्टर_दहा, रविवार, रात्री ९.३०

याच मुद्द्यावरून पुढे जातो. मैदानी हॉकीत ऐन भराचे वर्ष ऑलिंपिकच्या वर्षाशी जुळणे हा मोठा योगायोग असतो. ध्यानचंद यांनी १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत १४ गोल केले आणि १९३६ मध्ये बर्लिनला जर्मनीला ८-१ असे हरवणाऱ्या संघाचे ते कर्णधार होते. आठ वर्षे त्याच उंचीवर राहणे हे शिखरही आहे आणि टिकणेही आहे. त्यानंतरची दोन ऑलिंपिक महायुद्धामुळे झालीच नाहीत. बलबीरसिंग यांचे पहिले ऑलिंपिक १९४८ मध्ये आले, तेव्हा ते चोविशीत होते. महायुद्ध नसते तर ते आणखी आधी दिसले असते का, हा प्रश्न मी मनात ठेवतो, पण त्याचे गुण कोणाला देत नाही.

माझ्या मते शिखर आणि दीर्घायुष्य दोन्ही निःसंशय असलेला अलीकडचा आघाडीपटू म्हणजे ऑस्ट्रेलियाचा जेमी ड्वायर. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळेतील त्याच्या गोलने ऑस्ट्रेलियाला पुरुष हॉकीचे पहिले सुवर्ण मिळाले, त्याच वर्षी तो जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यानंतर २००७, २००९, २०१० आणि २०११ मध्ये पुन्हा ठरला. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या पुरस्कारात सात वर्षांचे अंतर. नेदरलँड्सच्या ट्यून दे नोयरची १९९६ ते २०१२ ही पाच ऑलिंपिक आणि त्यातील दोन सुवर्णेही याच पंक्तीत बसतात, मात्र तो पुष्कळदा मधल्या फळीत खेळे. पाकिस्तानचा शहबाज अहमद १९९० आणि १९९४ अशा सलग दोन विश्वचषकांत सर्वोत्तम खेळाडू ठरला. या तिघांनाही आपापल्या काळात भक्कम संघ लाभले. धनराजला तसा संघ उशिरा मिळाला, आणि म्हणून त्याच्या कारकिर्दीचा आकार इतरांसारखा नाही.


कोपरीवासी (धागाकर्ता), रविवार, रात्री ११.१५

नेरुळकर, तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे मी धनराजची वर्षे पुन्हा एका कागदावर मांडून पाहिली आणि मला स्वतःच्याच मांडणीतली चूक सापडली. मी त्याची बाजू केवळ टिकण्याच्या जोरावर लढवत होतो, जणू त्याला शिखर नव्हतेच.

१९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळालेला तो एकमेव भारतीय होता. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळाले. त्या अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळ यांचा त्यात मोठा वाटा होता, हे मी लपवत नाही, परंतु तेथवर संघाला नेणारी आघाडी धनराजची होती. त्यानंतर थोड्याच काळात इतर वरिष्ठांबरोबर त्याला संघातून वगळण्यात आले. येथेच त्याची कारकीर्द संपली असती, तर आपण आज त्याच्याबद्दल शाहिद यांच्यासारखेच हळहळून बोललो असतो. पण तो परतला. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला आणि तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ३४ वर्षांच्या धनराजला मिळाला. पुढच्या वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ असे हरवून आपण आशिया चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. त्याच्या बाजूला तेव्हा गगनअजितसिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योतसिंग असे वेगवान तरुण धावत होते.

म्हणजे ज्याला आपण एकच लांबलचक पठार समजत होतो, त्यावर किमान दोन शिखरे आहेत, आणि दोन्हींमध्ये चार वर्षांचे अंतर व संघातून वगळले जाण्याची दरी आहे. सरदारचे एकमेव शिखर या दोन्हींपेक्षा उंच होते, हे वडिलांचे म्हणणे मी आता मान्य करतो. पण ऑलिंपिकमधल्या सातव्या आणि आठव्या क्रमांकांचे ओझे एका आघाडीपटूवर टाकणे मला मान्य नाही, कारण त्याच काळात दुसऱ्या कोणत्याही भारतीय आघाडीपटूला धरून संघ याहून वर गेला नाही.


घोडबंदर_रोड, सोमवार, सकाळी ८.०५

माझे मत अजूनही पूर्ण बदललेले नाही. एका विश्वचषकासाठी संघ निवडायचा असेल तर मी १९८२ चा हसन सरदार घेईन. दहा वर्षांसाठी संघ बांधायचा असेल तर धनराज. या दोन वेगळ्या गरजांसाठीच्या वेगळ्या निवडी आहेत आणि त्यांना एकाच तराजूत घालण्याची निकड मला वाटत नाही. शाहिद यांना मात्र दोन्ही संघांत जागा देईन, कारण कळवा_यार्ड यांनी सांगितलेली दोन बचावपटूंची गोष्ट मला कालपासून सोडत नाही.


कोपरीवासी (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४०

आज संध्याकाळी जेवणानंतर वडिलांना हा संपूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांना बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, त्यामुळे तासभर लागला. बॉसी आणि गार्टनर यांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. धनराजच्या ३४ व्या वर्षीच्या सन्मानाचे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि "हे मी विसरलो होतो" एवढेच म्हणाले. सरदारबद्दलचे त्यांचे मत कायम आहे.

कळवा_यार्ड यांचा प्रतिसाद वाचून झाल्यावर त्यांनी तो डबा मागवून घेतला आणि तिकिटाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. इतकी वर्षे मी समजत होतो की, ते तिकीट पाकिस्तानच्या सामन्याचे आहे. ते भारताच्या सामन्याचे निघाले. वडील त्या विश्वचषकाला पहिल्यांदा गेले ते शाहिद यांचा खेळ पाहण्यासाठी, कारण मॉस्कोच्या अंतिम सामन्याचे धावते वर्णन त्यांनी रेडिओवर ऐकले होते आणि तो चौथा गोल करणारा मुलगा त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. त्या दिवशी शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी त्यांना सांगितले की, पाकिस्तानच्या सामन्यालाही या, त्यांचा सेंटर फॉरवर्ड चुकवू नका.